मांडवा ते तेरेखोल सायकलने: मुक्काम कुठे, खाड्या किती, दिवस किती?

पाखाडी
२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी दापोलीची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दीड वर्ष झालं. यंदा मार्चमध्ये भावाकडे न्यूझीलंडला गेले होते, तेव्हा त्याने आणि वहिनीने मला चार दिवस सायकलवर नेलं. त्या चार दिवसांमुळेच हा धागा काढते आहे.

वाटेचं नाव ओटागो सेंट्रल रेल ट्रेल. क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर. आधी तिथे आगगाडी धावायची. १९९० साली ती बंद झाली, रूळ उखडले, आणि २००० सालापासून त्याच भरावावरून लोक सायकलने आणि पायी जातात. रूळ गेले तरी पूल आणि बोगदे तसेच राहिले आहेत. पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे लागतात. आत काळोख, वळणामुळे पलीकडचं तोंड लगेच दिसत नाही, म्हणून टॉर्च लावून सायकल हातात धरून चालायचं. बाहेर आलं की खाली खोल दरी आणि तिच्यावर दगडी खांबांचा उंच पूल. मी त्या पुलावर बराच वेळ नुसती उभी होते.

वाट चढते, पण चढ जाणवत नाही. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून जास्तीत जास्त पन्नास मीटरमागे एक मीटर एवढाच चढ ठेवलेला. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून ६१८ मीटर. मी तिथे पोचले हे पाटी वाचूनच कळलं. क्लाइड-अलेक्झांड्राच्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत, पिनो न्वार नावाच्या काळ्या द्राक्षाचे. तोडणीचे दिवस होते. दिवसभर सायकल चालवायची, संध्याकाळी मळ्यावर जायचं, दोन घोट चव घ्यायची आणि चालत मुक्कामाला. दर पंधरा-वीस किलोमीटरवर गाव, गावात एक जुनं हॉटेल, कुणाच्या घरात दोन खोल्या. वहिनी सांगत होती, गाडी बंद झाल्यावर ओस पडत चाललेली यातली काही गावं सायकलवाल्यांमुळे पुन्हा उभी राहिली.

परत आल्यापासून एकच विचार डोक्यात आहे. आपल्या किनाऱ्यावर गावं त्याहून जवळ आहेत, जेवण त्याहून चांगलं आहे, घरात ठेवून घेणारी माणसं आहेत. मग मुंबईसमोरच्या मांडव्याहून गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने अशी सहल का होऊ नये? डिसेंबरात आम्ही चौघं निघणार: मी, यजमान आणि एक मैत्रीण-तिचे यजमान. सगळे पन्नाशीच्या पुढचे. रोज वीस-पंचवीस किलोमीटरचा सराव आहे. स्पर्धा करायची नाही. माझे प्रश्न: किती दिवस धरावे, मुक्काम कुठे करावे, आणि फेरीबोटीत सायकल घेतात ना?

---

जांभादगड
२ नोव्हेंबर, रात्री ११:३५

पाखाडीताई, मी रत्नागिरीचा. हा रस्ता तीन वेळा पूर्ण केला आहे, त्यातला एकदा एकट्याने. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ओटागोचा हिशेब इथे लावू नका. तिथे तुम्ही दोन दिवसांत सहाशे मीटर उंचीपर्यंत चढलात आणि मग उतरलात. इथे तुम्ही दोनशे मीटरच्या वर क्वचित जाल, पण दिवसातून चार-पाच वेळा शून्यावर याल. आपला किनारा म्हणजे सडा (वरचं कातळाचं पठार), उतार, खाडी, चढ, परत सडा. गाव खाली माडांत, रस्ता वर कातळावर. माझ्या सायकलच्या मीटरवर साठ किलोमीटरच्या दिवसाला आठशे ते हजार मीटर चढाई दिसते. म्हणून किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. ज्या दिवशी एक मोठी खाडी ओलांडायची त्या दिवशी पन्नास-साठ किलोमीटर पुरे.

अंतर एकूण साडेपाचशेच्या आसपास, कुठे आत वळता त्यावर. तुम्हाला दहा दिवस सायकलचे आणि दोन विसाव्याचे, असे बारा धरा.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच या. थंडीत दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, तो पाठीशी राहतो. मी एकदा मालवणहून वर निघालो होतो. आचऱ्याच्या पुढे तो वारा तोंडावर घेऊन सड्यावर चाललो, त्यानंतर उलटा कधी गेलो नाही.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकल घेतात, मांडव्याला उतरवतात. मांडवा-अलिबाग-रेवदंडा सपाट आहे, पण शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या फार. आठवड्याच्या मधल्या दिवशी निघा. साळावचा पूल ओलांडला की कोर्लई. तिथे अर्धा तास काढाच. किल्ला आहेच, पण त्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासून टिकलेली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली आजही घराघरांत बोलतात. पहिला मुक्काम मुरुड.

दुसऱ्या दिवशी आगरदांडा-दिघी फेरी. दिवेआगर ते श्रीवर्धन शेखाडीवरून जा, आतल्या रस्त्याने नको. माझ्या मते सबंध किनाऱ्यावर सायकलसाठी याच्याइतका चांगला तुकडा दुसरा नाही. समुद्र उजव्या हाताला, एवढा जवळ की भरतीला तोंडावर तुषार येतात. मुक्काम हरिहरेश्वर.

तिसरा दिवस अंतराने लहान, पण अंगाने जड. बागमांडल्याहून फेरीने वेश्वी, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले. वेळासहून केळशी गाठायला भारजा नदी ओलांडावी लागते, आणि मधले चढ छोटे पण उभे आहेत. उतरून चालायला लागलं तर चाला. केळशीची वाळूची टेकडी संध्याकाळी बघा.

पुढे आंजर्ले-हर्णै-कोळथरे-दाभोळ तुमचंच अंगण आहे. दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर. मग वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, मालगुंड, गणपतीपुळे. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, सायकल झाडाखाली लावून तासभर बसायला छान जागा. नंतर आरे-वारे, रत्नागिरी, भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, कशेळी. कशेळीच्या कनकादित्याच्या परिसरात घरगुती सोय होते. तिथून आडिवरे, नाटे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरे, मालवण. शेवटी परुळे, वेंगुर्ले, मोचेमाड, शिरोडा, रेडी, तेरेखोल. जयगडनंतर फेरी नाही, सगळ्या खाड्यांवर पूल आहेत, त्यामुळे दिवस थोडे सरळ जातात.

चारही फेऱ्यांत सायकल घेतात, भाडं किरकोळ. सकाळी साधारण सात-साडेसातला पहिली फेरी सुटते. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरातून धक्क्यावर फोन करायला सांगा.

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर एक किलोमीटरही नको. ट्रक, कामं, धूळ, आणि समुद्र कुठेच नाही.

---

कोळशाचं_इंजिन
३ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

पाखाडीताईंनी रेल-वाटेचं वर्णन केलं आणि फार बरं वाटलं. मी रेल्वेचा वेडा, म्हणून थोडी भर घालतो.

ओटागोचा फाटा १८७९ साली बांधायला घेतला, क्लाइडला पोचला १९०७ साली, क्रॉमवेलला १९२१ साली. क्लाइडच्या धरणासाठी सामान न्यायला तो शेवटची काही वर्षं राखला आणि धरणाचं काम आटोपत आल्यावर बंद केला. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीतून जाणारी रीसलिंग ट्रेलही अशीच. १९८३ च्या वणव्यात रूळमार्ग जळाला, पुन्हा सुरू केला नाही, आता द्राक्षमळ्यांमधून तीसेक किलोमीटरची सायकलवाट आहे. व्हिक्टोरियात वांगारट्टा ते ब्राइटही तशीच. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद रूळमार्गांच्या हिरव्या वाटा करायचा कार्यक्रमच चालू आहे.

आपल्याकडे हे कोकणात होणार नाही, आणि होऊही नये. कारण आपली गाडी चालू आहे. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, श्रीधरन यांच्या प्रयत्नांनी ती आली. २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग खुला झाला, तेव्हा आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी रुळांना हळदकुंकू वाहिलं होतं, मी लहान होतो, डोळ्यांनी पाहिलंय. विदर्भात शकुंतला या जुन्या छोट्या गाडीचे रूळ गवतात बुडाले, तरी लोक तिथे सायकलवाट मागत नाहीत, गाडी मागतात. ते बरोबरच आहे.

पण एक गंमत बघा. कोकण रेल्वेचा ठरवलेला चढ दीडशे मीटरला एक मीटर. म्हणजे ओटागोहून तिप्पट सौम्य. त्यासाठी नव्वदच्या वर बोगदे खोदावे लागले, एकट्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. पानवलच्या दरीवर ६४ मीटर उंचीचा पूल बांधावा लागला. गाडीने जो डोंगर पोटातून ओलांडला तो आपण सायकलवाले डोक्यावरून ओलांडतो. म्हणून जांभादगड म्हणतात ते खरं, तोच डोंगर, पण हिशेब निराळा.

रेल्वेचा उपयोग आपण असा करायचा: ती मणका, आपण बरगड्या. रोह्यापासून मडगावपर्यंत कुठूनही किनाऱ्यावर उतरता येतं. माणगावहून श्रीवर्धन, खेडहून दापोली, चिपळूणहून गुहागर, कणकवलीहून देवगड, कुडाळहून मालवण, सावंतवाडीहून शिरोडा. साधारण पंचवीस ते पन्नास किलोमीटरच्या आत सगळं. बारा दिवस एकदम जमत नसतील तर तीन-तीन दिवसांचे तुकडे करा, रविवारी रात्री गाडीने घरी.

सायकल गाडीत न्यायचे दोन मार्ग. एक, पार्सल कचेरीत सामान म्हणून बुक करून ब्रेक-व्हॅनमध्ये. दोन तास आधी जा, तिकीट दाखवा, पुठ्ठ्यावर नाव, कुठून-कुठे आणि पीएनआर जाड अक्षरात लिहून सायकलला दोन ठिकाणी बांधा. मात्र जिथे गाडी दोनच मिनिटं थांबते त्या स्टेशनसाठी हे करू नका. तेवढ्यात सामान उतरेलच असं नाही. रत्नागिरी, मडगाव अशी मोठी स्टेशनं बरी. दुसरा मार्ग, दोन्ही चाकं काढून सायकल पिशवीत घालायची आणि आपल्या डब्यात न्यायची. चाकं सांगाड्याला बांधली की पिशवी आसनाखाली नाही तरी दाराजवळच्या कोपऱ्यात मावते.

---

दोनपायडल
३ नोव्हेंबर, दुपारी १:०५

सायकल दुरुस्तीचं माझं छोटं दुकान आहे, त्यामुळे मी यंत्राबद्दलच बोलतो.

पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दात जवळजवळ सारखे असले पाहिजेत. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर सामानासकट चढ निघतो. मागे २८ असेल तर वेश्वीच्या पुढे गुडघे बोलतील. जाता-जाता बदलून घ्या, फार खर्च नाही.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर. सड्यावर रस्ता खरवडलेला असतो, कडेला जांभ्याची खडी. अरुंद टायर घसरतो.

आणि ब्रेक. हे मी कळकळीने लिहितो. एका गिऱ्हाइकाची सायकल माझ्याकडे आली होती, आरे-वारेच्या उतारावर रिमला रबर घासून घासून रिम एवढी तापली की ट्यूब फुटली. माणूस वाचला, खांदा मोडला. सामान असताना लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुढचा-मागचा आलटून-पालटून. डिस्क ब्रेक असतील तर निघण्यापूर्वी पॅड नवे घाला.

पुळणीवर सायकल चालवू नका. फोटो छान येतो हे खरं, पण खारं पाणी आणि बारीक वाळू बेअरिंगमध्ये गेली की दोन दिवसांत कुरकुर सुरू होते. रोज मुक्कामाला पोचल्यावर गोड्या पाण्याने साखळी आणि चाकं धुवा, फडक्याने कोरडी करा, मग तेल. रात्री करा, सकाळवर ठेवू नका. खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज दिसायला लागतो.

---

पाखाडी
३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

केवढं लिहिलंत सगळ्यांनी. छापून घेतलं आहे. मागची चकती उद्याच बदलायला टाकते.

एक प्रश्न बायकांचा. ओटागोच्या वाटेवर ठराविक अंतरावर स्वच्छतागृहं होती. इथे सड्यावर पाच-सात किलोमीटर झाडही नसतं. या बाबतीत कुणा ताईचा अनुभव आहे का?

---

भरती
३ नोव्हेंबर, रात्री १०:२५

पाखाडीताई, मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी गेल्या जानेवारीत गुहागर ते मालवण आलो. किनाऱ्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंप फार थोडे, ते मनात धरू नका. देवळं धरा. हेदवी, गणपतीपुळे, पावस, आडिवरे, कुणकेश्वर, सगळीकडे भक्तांसाठी सोय आहे आणि बहुतेक ठिकाणी बरी आहे. मधल्या वाडीत सरळ एखाद्या घरापुढे सायकल लावायची आणि घरातल्या बाईला विचारायचं. आम्हाला कुणीही नाही म्हटलं नाही. उलट एका घरी आतून पेज आली, सोबत खारातली मिरची, आणि पाऊण तास तिथेच गेला. माझ्या मुलीने कुळथाची पिठी पहिल्यांदा तिथे खाल्ली, आता घरी मागते.

आणखी एक. पाणी आम्ही प्रत्येकी दीड लिटर ठेवायचो, ते सड्यावर कमी पडलं. दोन लिटर ठेवा. अकराच्या आत दिवसाचा मोठा भाग संपवा. डिसेंबरातही कातळ बाराला तापतो.

---

खाडीपल्याड
४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

धागा आवडला. मी ज्या खाडीच्या काठी राहतो तिथे फेरी चालते, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

रेवस-रेडी सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. सायकलवाले पाहुणे भेटतात तेव्हा हळहळतात, फेरी जाईल, मजा जाईल. मला त्यांचं दुःख कळतं. पहाटेच्या पहिल्या फेरीत कोळणी टोपल्या घेऊन बसलेल्या, इंजिनाचा आवाज, पाण्यावर धुकं, हे मलाही प्रिय आहे. पण माझ्या आईला रात्री दीड वाजता छातीत दुखायला लागलं तेव्हा फेरी बंद होती. पलीकडचं रुग्णालय डोळ्यांना दिसत होतं आणि आम्ही रस्त्याने सत्तर-ऐंशी किलोमीटरचा वळसा घातला. आई वाचली. तरी तो वळसा मी विसरणार नाही. पूल हवाच.

मागायचं ते दुसरं मागू या. पुलावर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी कठड्याआड वेगळी पट्टी हवी. ती नकाशावर असतानाच मागावी लागते, पूल उभा राहिल्यावर कुणी रुंद करत नाही. आणि जुना धक्का मोडू नये. तिथे लहान होडी चालू राहिली तर माणसं आणि सायकली तिच्यातून जातील. आमच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला आहे. ज्यांची गावं वाटेवर आहेत त्यांनी आपापल्या ग्रामसभेत मांडावा.

---

जांभादगड
४ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

खाडीपल्याड, तुमचं लिहिणं वाचून मी माझं मत बदललं. गेली दोन वर्षं मी पुलांच्या विरोधात बोलत होतो. वेगळ्या पट्टीची मागणी आमच्या सायकल गटाकडून लेखी देतो, मसुदा तुम्हाला दाखवून.

---

द्राक्षवेल
४ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

मी नाशिकची. मळ्यांमधून सायकल हवी असेल तर कोकणात कशाला, आमच्याकडे या. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीकडे रस्ते बऱ्यापैकी सपाट आहेत, जानेवारी ते मार्च तोडणी चालते, दोन-तीन दिवसांची छान फेरी होते. समुद्र मात्र देता येणार नाही.

---

सुरंगी
४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

द्राक्षवेलताई, नाशिकला जरूर येऊ. पण मळ्यांचा विषय निघाला तर वेंगुर्ल्याच्या माणसाने गप्प बसू नये.

आमच्याकडे द्राक्ष नाही, काजू आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि तो आमच्या जांभ्या मातीत असा रुजला की आता डोंगर त्याचेच. वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळसंशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच. बी सगळे ओळखतात, पण तिच्यावरचं फळ, आमचा बोंडू, तो बाहेर कुणी पाहिलेला नसतो. कारण तोडल्यावर तो दिवस-दोन दिवसांत नासतो, मुंबईपर्यंत टिकत नाही. पिवळा, लाल, रसाने टचटचलेला. चावला की आधी गोड, मग घसा धरतो. रस काढून त्यात भाताची पेज किंवा शिजवलेला साबुदाणा घातला की तो घसा धरणारा अंश खाली बसतो आणि वर नितळ सरबत राहतं.

तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. खरं तर तेरेखोलचा किल्ला खाडीच्या अलीकडे असूनही गोव्यातच आहे. तिथे याच बोंडवाच्या रसापासून पहिल्या धारेचा उर्राक आणि दुसऱ्या धारेची फेणी होते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या बाजूला मात्र बी काढून घेतली की ढिगांनी बोंडू झाडाखाली कुजतात. मार्च-एप्रिलात आमच्या बागेतून जाताना तो आंबूस वास येतो तेव्हा मला दर वर्षी वाईट वाटतं. ओटागोला जसं मळ्यावर जाऊन चव घेतात तसं इथे का नसावं? सायकलवाल्यांनी थांबावं, बोंडवाचा रस प्यावा, कोकमाचं आगळ (घट्ट रस) चाखावं, आमसूल कसं करतात ते बघावं. सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, असं पाच-सहा वेळा. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही मानांकन आहे.

पाखाडीताई, अडचण एकच. तुम्ही डिसेंबरात येणार, तेव्हा काजूला नुसता मोहर. बोंडू हवे तर मार्चचा दुसरा आठवडा, आणि तेव्हा ऊन कडक. म्हणून माझं म्हणणं, डिसेंबरात सगळा किनारा करा आणि मार्चमध्ये फक्त आमच्याकडची तीन दिवसांची छोटी फेरी: कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा, सावंतवाडी. पहाटे साडेपाचला निघायचं, दहाला सावलीत.

---

पाखाडी
१४ जानेवारी, सायंकाळी ७:००

तिळगूळ घ्या, गोड बोला. आम्ही जाऊन आलो. उशिरा लिहिते आहे कारण आधी ग्रामसभेचं काम होतं, ते शेवटी सांगते.

सायकली टेम्पोने मांडव्याला नेल्या आणि ११ डिसेंबरला निघालो. पहिले दोन दिवस जांभादगडांनी सांगितले तसेच गेले. शेखाडीच्या रस्त्यावर आम्ही चौघं एकमेकांशी एक शब्द न बोलता चाललो, एवढंच लिहिते.

तिसरा दिवस खरंच जड. बाणकोटनंतर मैत्रीण दोनदा रडवेली झाली. आम्ही सायकली ढकलल्या. एका चढावर शाळेतून घरी जाणारी चार मुलं मागून आली, दोघांनी तिची सायकल ढकलली, दोघांनी माझी. वर सड्यावर पोचल्यावर त्यांना खाऊ द्यायला पिशवी उघडली तर ती पळून गेली होती. त्या रात्री आंजर्ल्याला पोचलो तेव्हा काळोख पडला होता, वाढलेलं ताट समोर आलं, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी. मैत्रीण म्हणाली, उद्याही जाऊ. म्हणून पुढचे दिवस झाले.

तवसाळच्या धक्क्यावर फेरी यायला वेळ होता. तिथल्या एका आजोबांनी सायकलच्या दांड्यावर हात फिरवत विचारलं, कुठून आलात? मांडव्याहून म्हटल्यावर म्हणाले, आम्ही लहानपणी मुंबईला बोटीने जायचो, जयगडला बोट लागायची. मग मालवणपर्यंतची बंदरं त्यांनी क्रमाने म्हणून दाखवली. आम्ही पुढे ज्या गावांत मुक्काम करणार होतो जवळजवळ तीच सगळी. एके काळी बोटीने जोडलेली गावं आम्ही सायकलने जोडत होतो हे मला तेव्हा कळलं. ओटागोला गाडी जाऊन भराव राहिला, आमच्याकडे बोट जाऊन बंदरं राहिली. मी वहीत त्या बंदरांची नावं लिहून घेतली आहेत.

रत्नागिरीला एक दिवस थांबलो, दोनपायडल यांच्या सांगण्याप्रमाणे ब्रेकचे पॅड बदलले. तेव्हा ते निम्म्याहून जास्त झिजले होते. आरे-वारे उतरून झालं होतं, पण विजयदुर्गकडचे उतार बाकी होते.

मालवणला यजमानांचा गुडघा सुजला. तेरेखोल राहिलं. कुडाळहून चाकं काढून, सायकली पिशव्यांत घालून गाडीत बसलो आणि खेडला उतरलो. गाडीत एका सैनिकाने चारही पिशव्या दाराशी नीट लावून दिल्या. खिडकीतून बोगदे मोजत आले. काळोख झाला की यजमान म्हणायचे, हा आपण वरून केला. सगळेच केले नव्हते, पण पुष्कळ केले होते.

खर्चाचं कुणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं. घरगुती मुक्काम, दोन वेळचं जेवण आणि नाष्टा धरून, मोठ्या हॉटेलात एक रात्र राहण्याच्या पैशांत आमच्या तीन रात्री झाल्या. पैसे रोख ठेवा, सड्यावर मोबाइलला रेंज नसली की पैसे पाठवता येत नाहीत.

आता ग्रामसभा. खाडीपल्याड, तुमचा मसुदा घेऊन आमच्याकडेही ठराव मांडला: पुलावर सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी, आणि धक्का राखणे. मंजूर झाला. दाभोळच्या बाजूच्या दोन गावांशी बोलणं चालू आहे.

सुरंगी, तेरेखोल माझं बाकी आहे. मार्चचा दुसरा आठवडा नक्की. यजमान गाडीने कुडाळला येतील, मी आणि मैत्रीण सायकलने.

---

सुरंगी
१४ जानेवारी, रात्री ९:२०

पाखाडीताई, वाचून डोळे भरले. आता मालवणीतच लिवतंय. मार्चात येवा. शिरोड्याक जावच्या आधी आमच्या घराकडे या, बोंडवांचो रस काढून ठेवतंय. यजमानांका सांगा, गुडघ्याक उन्डलाचा तेल हा आमच्याकडे. खळ्यात चार सायकली रवतीत येवढी जागा आसा.

---

खाडीपल्याड
१५ जानेवारी, सकाळी ६:१५

ठरावाची प्रत मला पाठवा, ताई. त्या दोन गावांत माझे सोयरे आहेत, रविवारी पहिल्या फेरीने जाऊन येतो.